ताहेरे खानुमचा मुक्काम

कोलोन, पश्चिम जर्मनी
१८ जून १९८९

ती. दादा व सौ. उषावहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दादा, आज मागणं घेऊन लिहिते आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकते. बेहरूझच्या आईंना काही दिवस सिल्वासाला तुझ्याकडे ठेवून घेशील का?

मायलेकरांची सात वर्षांत भेट नाही. बेहरूझला तेहरानला जाता येत नाही आणि आईंना जर्मनीचा व्हिसा मिळत नाही, दोनदा अर्ज परत आला. हिंदुस्थानचा व्हिसा मात्र मिळेल असं त्या कळवतात. त्या आधी येऊन राहतील आणि इथून बेहरूझची कागदपत्रं झाली की तोही पंधरवड्यासाठी येईल. पुण्याला आत्याकडेही सोय झाली असती, पण पुण्यात बेहरूझला ओळखणारे फार आहेत. त्याच्या कॉलेजातले कितीतरी इराणी अजून तिथेच राहतात. सिल्वासात त्याला कोणी ओळखत नाही.

आईंचं नाव ताहेरे. शाळेत भूगोल शिकवायच्या. थोडं इंग्रजी येतं. स्वभावाने कशा आहेत हे मी सांगू शकत नाही, कारण सून असून मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे.

वहिनीला विचारून कळव. नाही म्हणालास तरी राग नाही.

तुझी
विद्या


डोकमर्डी, सिल्वासा
४ जुलै १९८९

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

येऊ देत त्यांना. यात विचारायचं काय? उषाने एकच प्रश्न केला, बाईंना मटणाशिवाय जेवण जाईल ना? मी म्हटलं, बेहरूझ पुण्यात आपल्याकडे वांग्याचं भरीत कसा चाटूनपुसून खायचा आठव. तोच वंश.

घर लहान आहे पण हवेशीर आहे. पुढे पडवी आहे, मागे शेवग्याचं झाड आहे. मी सकाळी सामरवरणीला कारखान्यात जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर उषा असते, कामाला बायडाबाई येते. बाईंना सोबत होईल. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, ती मी करीन.

आता माझा प्रश्न. पुण्यात ओळखणारे फार आहेत, हे तिकडे न जाण्याचं कारण कसं झालं? ओळखीच्या माणसांना भेटायला आवडायला हवं. आणि सात वर्षं तू लिहितेस की त्याच्या पासपोर्टची अडचण आहे. मी धाग्याच्या कारखान्यात यंत्रं सांभाळणारा माणूस आहे. यंत्राचा आवाज बदलला की मला झोपेतही कळतं. तुझ्या पत्रांचा आवाज गेल्या वर्षापासून बदललेला आहे. माझ्या घरात माणूस येणार असेल तर मला खरं कळायला हवं.

तुझा
रमाकांतदादा


कोलोन
२६ जुलै १९८९

ती. दादास,
सा. न.

तू विचारलंस ते बरं केलंस. आता सगळं लिहिते.

बेहरूझ कारखान्यात काम करतो हे खरं आहे. पण त्याचं जगणं त्यानंतर सुरू होतं. इथे त्याच्यासारख्या निर्वासितांची एक समिती आहे. अगदी लहान. दर शनिवारी शहरातल्या चौकात टेबल लावतात, पत्रकं वाटतात, सह्या गोळा करतात, खासदारांना पत्रं लिहितात. मागणी एवढीच की इराणात लोकशाही प्रजासत्ताक यावं. गेलेल्या राजाचा मुलगा गादीवर नको आणि धर्मगुरूंचं राज्यही नको. लोकांनी मत देऊन आणलेलं आणि लोकांनाच मत देऊन घालवता येईल असं सरकार हवं. राजाची माणसं यांना शत्रू समजतात आणि तिथलं सरकारही. त्यात हे आपसात भांडतात. एकेका वाक्यावरून पहाट होते. मी चहा करून देते आणि आत जाऊन झोपते. दादा, मी त्यांच्यात नाही. हे त्यांचं दुःख आहे, माझं नाही, असं मी स्वतःला बजावत आले.

युरोपात अशा काही माणसांना त्यांच्या राहत्या घराच्या दारात मारलं गेलं. आम्ही दोनदा घर बदललं ते भाड्यामुळे नव्हे.

आणि आणखी एक. बेहरूझचा धाकटा भाऊ कामरान तुरुंगात होता हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिथल्या तुरुंगांत हजारो कैद्यांना मारलं. तिथून सुटून आलेल्या एकाने बेहरूझला सांगितलं की कामरान त्यांत होता. आईंनी मात्र अजून कळवलेलं नाही. पत्रात लिहितात, धाकटा बरा आहे. बेहरूझला वाटतं, तोंडानं सांगायलाच त्या येत आहेत. आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं त्याने मला बजावलं आहे. तूही कळू देऊ नकोस.

बेहरूझ थकला आहे. परवा म्हणाला, "आई थांब म्हणाली तर मी थांबेन. तिचा एक मुलगा गेला, दुसराही मागायचा मला हक्क नाही." खोटं कशाला बोलू, त्यांनी तसं म्हणावं म्हणून मी देवाची प्रार्थना करते.

हे वाचून तुझं मत बदललं तर कळव.

विद्या


डोकमर्डी, सिल्वासा
३० ऑक्टोबर १९८९

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

मत कशाला बदलेल? तुझ्या सासूबाई सप्टेंबरअखेरीला सुखरूप आल्या. मुंबईच्या विमानतळावर मी आणि उषा दोघं गेलो होतो. काळा लांब कोट, डोक्याला रुमाल, हातात एकच बॅग. उषाने वाकून नमस्कार केला तर त्या दचकल्या आणि मग तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. तेव्हापासून दोघींचं जमलं.

इंग्रजी त्यांचं आणि आमचं सारखंच मोडकं, त्यामुळे कोणी कोणाला लाजत नाही. शेवग्याच्या शेंगा खायला त्यांना बायडाबाईने शिकवलं. एकदा त्या फार गप्प झाल्या म्हणून मी डहाणूहून गुलबानूबाईंना घेऊन आलो. या चिकूच्या वाडीवाल्या इराणी पारशी बाई, वय सत्तरीचं, आमच्या मालकांच्या ओळखीच्या. घरात अजून फारसी बोलतात. दोघी पडवीत दिवसभर बसल्या. जाताना गुलबानूबाई मला म्हणाल्या, "डिकरा, या बाईच्या छातीवर मोठा धोंडा हाय. पण ती मला दावत नाय. मी पण विचारला नाय."

मी एकदा सहज विचारलं, धाकटा मुलगा कसा आहे? "बरा आहे," म्हणाल्या, आणि लगेच पडवीतले कपडे काढायला उठल्या. कपडे अजून ओले होते. विद्या, ठाऊक असून विचारायला नको होतं.

दिवाळीत त्यांनी उषाबरोबर पणत्या लावल्या. आता एक चांगली बातमी. गेल्या आठवड्यात कारखान्यात एक गृहस्थ मला भेटायला आले. चांगला सूट, हिंदी उत्तम. मुंबईहून आलो म्हणाले. कुठल्या कचेरीतले ते नीट सांगितलं नाही. बेहरूझचा व्हिसा अडकला आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, मायलेकरांची भेट व्हावी म्हणून आम्हीही खटपट करतोय, फक्त ते कधी येतात आणि कुठे उतरतात एवढं कळवा. मी म्हटलं, डिसेंबरात येतील, माझ्याच घरी उतरतील. बाईंसाठी त्यांनी पिस्त्यांचा डबा दिला. बाईंनी तो उघडला नाही. डबा तसाच फळीवर आहे. पथ्य असेल.

तुझा
दादा


कोलोन
१३ नोव्हेंबर १९८९

ती. दादास,
सा. न.

घाईत लिहिते. तो माणूस कोण?

बेहरूझ येणार हे इथे फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. समितीतही सांगितलेलं नाही. व्हिसा परवा मिळाला, पण तो रीतसर, आपला नंबर लागल्यावर. त्यात कोणाची खटपट नाही. मग त्या गृहस्थांना हे सगळं कोणी सांगितलं?

बेहरूझला मी म्हटलं, जाऊ नकोस. तो ऐकत नाही. इकडे बर्लिनची भिंत पडली. त्या रात्रीपासून तो टीव्हीसमोरून हलला नाही. परक्या माणसांना भिंतीवर चढून रडताना बघून हाही रडत होता. म्हणतो, "बघ, असंही होतं. एका संध्याकाळीत होतं." आता त्याला कुठेच धोका दिसत नाही. तीन डिसेंबरचं तिकीट काढलं आहे.

तू आईंना विचार. थेट विचार. आणि त्या माणसाला यापुढे काही सांगू नकोस.

विद्या


तार
सिल्वासा, २५ नोव्हेंबर १९८९

बेहरूझ येऊ नका. आई सुखरूप. हा त्यांचाच निरोप. पत्र मागून. रमाकांत.


डोकमर्डी, सिल्वासा
२७ नोव्हेंबर १९८९

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेल. आता जे झालं ते क्रमाने लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी बाईंना विचारलं, पिस्ते आणणारा माणूस कोण? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग न जेवताच आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी इथे लोकसभेचं मतदान होतं. बायडाबाई सकाळी नवं लुगडं नेसून सांगायला आली की आज काम उशिरा. ताहेरेबाई उठल्या आणि तिच्याबरोबर निघाल्या. उषाही गेली. मतदान शाळेत होतं. पोलिसाने बाईंना फाटकाशी थांबवलं, तेव्हा त्या बाहेर चिंचेखाली उभ्या राहिल्या. पाड्यांवरच्या बायका, कारखान्यातली पोरं, आमचे साहेब लोक, सगळे त्याच एका रांगेत. उषा सांगते, त्या तास दीड तास एकेकाचं तोंड बघत होत्या.

बायडाबाई बोटाची शाई दाखवत बाहेर आली. बाईंनी उषाला विचारायला लावलं, कोणाला मत दिलंस? बायडाबाई म्हणाली, "ते कोनाला सांगाचा नसते." मग बाईंनी विचारलं, नवऱ्यालाही नाही? बायडाबाईने पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. "त्याला तं मुळीच नाय. त्यानं सांगला तिथं शिक्का मारला आसंच त्याला वाटते!"

हे इंग्रजीत सांगता सांगता उषाची तारांबळ उडाली. पण कळल्यावर ताहेरेबाई हसल्या. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता झाडाच्या बुंध्याला धरून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. बायडाबाई घाबरली. तिला वाटलं आपलं काही चुकलं.

घरी आल्यावर मला म्हणाल्या, "गुलबानू. प्लीज." मी तसाच डहाणूला गेलो.

गुलबानूबाईंमार्फत बाईंनी जे सांगितलं ते असं. कामरान गेला. तुरुंगाच्या दारात त्यांना एक पिशवी दिली, त्यात त्याचे कपडे होते. कुठे पुरलं ते सांगितलं नाही. शहराबाहेर एक ओसाड मैदान आहे, आपली मुलं तिथे असतील असं सगळ्या आया समजतात. त्यानंतर काही महिन्यांनी एका माणसाने त्यांना बोलावलं. नाव सांगितलं नाही. म्हणाला, थोरल्याला भेटायचं आहे ना? पासपोर्ट देतो. तुम्ही हिंदुस्थानात जा, त्याला तिथे बोलवा. आमचा माणूस फक्त दोन शब्द बोलेल. हे सगळं सोड म्हणून समजावेल. तुम्हीही समजवा.

गुलबानूबाईंनी विचारलं, "आणि तुमी मानला?" त्या म्हणाल्या, "मानावंसं वाटलं. सात वर्षांत माझ्या मुलाला मी पाहिलं नव्हतं. दोन शब्द बोलतील, तो सोडून देईल, जिवंत राहील. एका आईने आणखी काय मागायचं? पण तो पिस्त्यांचा डबा आला. कामरानला धरून नेलं त्याच्या आदल्या आठवड्यातही एक माणूस असाच डबा घेऊन बैठकीत बसून गेला होता. असाच गोड बोलत होता." मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "टेल बेहरूझ. नो कम."

मी दुसऱ्या दिवशी पोलिसांना सगळं सांगून आलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. तो गृहस्थ काल कारखान्याच्या फाटकाशी पुन्हा आला. मी सांगितलं, माझे मेहुणे येत नाहीत. का, म्हणाला. मी म्हटलं, त्यांच्या आईची इच्छा नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, हात जोडले आणि गाडीत बसून गेला. विद्या, मी घाबरलो होतो. खोटं कशाला सांगू?

बाई दाराकडे पाठ करून बसल्या आहेत. मुलगा येणार म्हणून त्यांनी उषाकडून बेसनाचे लाडू शिकून घेतले होते.

तुझा
दादा


कोलोन
१० डिसेंबर १९८९

ती. दादास,
सा. न.

तार आली तेव्हा बेहरूझची बॅग भरून दारात होती. तो माझ्यावर ओरडला, तुझ्यावर ओरडला. म्हणाला, तुझ्या भावाला कारखान्यातली नोकरी सांभाळायचीय म्हणून मला आईपासून तोडतोय. कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मग तुझं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. पिशवीपाशी त्याने मला थांबवलं आणि म्हणाला, "ते परत वाच." मी परत वाचलं. नंतर तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून ठेवला.

तुझी माफी मागायला त्याने सांगितलं आहे.

आता एवढं करता येईल का? कारखान्याचा फोन नको. वापीला जिथून परदेशी फोन लागतो तिथून, महिनाअखेरच्या रविवारी तुमच्या दुपारी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंच्या नंबरावर फोन लावा. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर देते. आम्ही सकाळपासून त्यांच्या घरात बसून राहू.

आणि दादा, त्यांना परत जाऊ देऊ नकोस. रिकाम्या हाताने गेल्या तर त्यांचं काय करतील? तिथे आता त्यांचं कोण आहे, एक भाची सोडली तर? इथला व्हिसा मिळेपर्यंत तुझ्याकडे राहू देत. वहिनीला सांग, मी पदर पसरते.

विद्या


डोकमर्डी, सिल्वासा
९ जानेवारी १९९०

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

ताहेरेबाई तेहरानला परत गेल्या. आधी फोनचं लिहितो.

वापीला बाजारात फोनची काचेची खोली आहे. लाइन लागायला फार वेळ गेला. बाहेर कापडाचे व्यापारी खोळंबले होते, कुरकुर करत होते. घंटा वाजली, मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आलो. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आल्या तेव्हा घातलेला तोच काळा कोट त्यांनी घातला होता. एवढ्या दुपारी, बंद खोलीत. मुलगा बघणार नव्हता तरी.

आधी बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या, डोळे मिटून. मग बोलायला लागल्या. मधेच एकदा जोरजोरात मान हलवली, हात उगारला, जसा शाळेत मुलांवर उगारतात. "ना! ना!" हे मला काचेतूनही ऐकू आलं. ना म्हणजे नाही, एवढी फारसी आता मला कळते. मला वाटलं, त्याला बजावताहेत की पुरे झालं, सोड हे सगळं. मला बरं वाटलं. तुला हवं होतं तसं झालं.

बाहेर आल्या तेव्हा घामाने भिजल्या होत्या. खोळंबलेल्यांपैकी एक म्हातारा व्यापारी कुरकुर विसरून उठला आणि त्यांना आपलं स्टूल दिलं.

राहण्याबद्दल मी सांगून पाहिलं. उषाने पाय धरले. गुलबानूबाई खास आल्या. म्हणाल्या, "माझी वाडी हाय, दोन खोल्या रिकाम्या हायेत, तू माझी बेन होऊन राहा." ताहेरेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या मैदानावर दर शुक्रवारी आम्ही आया जातो. शिपाई हाकलतात, आम्ही परत येतो. फुलं तुडवतात, आम्ही परत ठेवतो. मी गेले नाही तर माझ्या वाटणीची फुलं कोण ठेवील? इथे मी सुखात राहीन आणि कामरान तिथे एकटा."



विमानतळावर उषा फार रडली. बायडाबाईने शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली होती. आत नेऊ देणार नाहीत असं सांगूनही त्यांनी ती सोडली नाही, हातात धरूनच गेल्या.

तुझा
दादा


कोलोन
२४ जानेवारी १९९०

ती. दादास,
सा. न.

तू काचेतून पाहिलंस, मी इकडे बेहरूझच्या खांद्याला कान लावून ऐकत होते. आता मलाही फारसी कळते. तुला वाटलं तसं झालं नाही.

सुरुवातीला बेहरूझला बोलताच येईना. "मामान, मामान," एवढंच. मग त्याने सांगितलं की कामरानचं मला वर्षभर ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं तर मला इतके महिने एकटीला का ठेवलंस त्या दुःखात?" तो म्हणाला, "आणि तू मला?" मग दोघं गप्प. मी मनात म्हटलं, बाहेर तुम्ही सगळे ताटकळला आहात आणि हे गप्प बसलेत. पण दादा, एवढ्या दूरवरून एकमेकांचा श्वास ऐकण्यातही त्यांचं काहीतरी चाललं होतं.

मग बेहरूझने विचारलं, "मी हे सोडू का? तू सांग. तू म्हणशील तसं."

तेव्हा त्या "ना" म्हणाल्या.

म्हणाल्या, "क्रांती झाली तेव्हाचं जेवण आठवतं? देशाचं नाव काय ठेवायचं याचं मतदान होणार होतं. तू आणि कामरान म्हणत होतात, प्रजासत्ताक म्हणताना त्यात लोकशाही हा शब्द हवाच. तुझे बाबा म्हणत होते, एका शब्दाने काय होतं? भात थंड झाला. मी रागावले, म्हटलं एका शब्दासाठी अन्नाचा अपमान करू नका. बेहरूझ, तो एक शब्द नव्हता म्हणून काय काय झालं ते मी पाहिलं. इथे एक बाई आहे, भांडी घासते. तिने कोणाला मत दिलं ते ती नवऱ्यालासुद्धा सांगत नाही, आणि तिला कोणी विचारायला येत नाही. कामरान याहून जास्त काय मागत होता? मी तुला थांबवायला निघाले होते. आता तू थांबलास तर मी त्या मैदानावर उभी राहून त्याला काय सांगू?"

बेहरूझ म्हणाला, "मग आपली भेट?" त्या म्हणाल्या, "ही झाली ना."

आणि लाइन तुटली.

मी रागावले त्यांच्यावर. तुला सांगते, फार रागावले. कोणती आई असं सांगते? आठवडाभर मी बेहरूझकडे बघून विचार करत होते, यांनी माझा नवरा एका शब्दाला देऊन टाकला. अजून तो राग पूर्ण गेलेला नाही.

विद्या


डोकमर्डी, सिल्वासा
११ मार्च १९९०

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

दोन महिने झाले, ताहेरेबाईंची काही खबर? मी पोचल्याचं पत्र टाका म्हणून पत्त्याची पाकिटं दिली होती. एकही आलं नाही. उषा रोज पोस्टमनला विचारते. गुलबानूबाईंनी दोनदा निरोप पाठवून विचारलं.

तुझा राग मला कळतो. उषालाही तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विद्याताई रागावल्यात कारण त्यांना बाईंचं म्हणणं पटलंय." मी मधे पडत नाही. बायकांचं बायकांना ठाऊक.

इथे सगळं ठीक. ताहेरेबाईंनी फोनवर बायडाबाईबद्दल जे सांगितलं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याबद्दल? परदेशात?" आणि भांडी तशीच टाकून शेजारणीला सांगायला पळाली.

खबर लागताच कळव.

तुझा
दादा


कोलोन
२२ एप्रिल १९९०

ती. दादा व सौ. उषावहिनी यांस,
सा. न. वि. वि.

खबर लागली. आईंची भाची कामासाठी इस्तंबूलला आली होती, तिने तिथून फोन केला.

आई पोचल्या त्याच दिवशी त्यांना चौकशीला बोलावलं. नंतरही अनेकदा बोलावलं. मुलगा का आला नाही असं विचारलं. त्यांना काहीही सांगता आलं असतं, आजारी पडला, व्हिसा मिळाला नाही. त्या म्हणाल्या, "मीच त्याला येऊ नको म्हटलं." मारहाण केली नाही, असं भाची म्हणते. वयाचा मान राखला असेल, नाहीतर ती आम्हाला सांगत नसेल. पासपोर्ट काढून घेतला. आता त्यांना कधीच बाहेर पडता येणार नाही. तुझी पाकिटंही घेतली. बाहेर काही लिहायचं नाही असं बजावलं आहे.

पण शुक्रवारी त्या मैदानावर जातात. भाची म्हणाली, एकही शुक्रवार चुकलेला नाही.

हा फोन शनिवारी सकाळी आला. बेहरूझने रिसीव्हर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आता भेट नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. मला वाटलं, आज तो कुठे जाणार नाही. पण थोड्या वेळाने त्याने पत्रकांचा गठ्ठा उचलला. मीही कोट घातला. तो म्हणाला, "तू कुठे?" मी म्हटलं, "टेबल एकट्याला उचलवत नाही ना तुला?" याआधी सात वर्षं त्याने ते एकट्यानेच उचललं होतं.

चौकात गार वारा होता. समितीतले चौघं आले होते. आल्याबरोबर त्यांचा पत्रकातल्या कुठल्याशा वाक्यावरून वाद सुरू झाला आणि बेहरूझही त्यात पडला. टेबलापाशी मी एकटीच उरले. टेबलावर मारलेल्यांचे फोटो मांडलेले असतात. त्यांत कामरानचाही आहे, शाळेच्या गणवेशातला, कान जरा पुढे आलेले. बेहरूझचेही तसेच आहेत. हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

एक म्हातारी जर्मन बाई हातात भाजीची पिशवी घेऊन थांबली. तिने पत्रक वाचलं, सही केली, मग फोटोंवरून नजर फिरवली. माझ्या साडीकडे पाहिलं. मी इराणी नाही हे तिला दिसत होतं. कामरानच्या फोटोवर बोट ठेवून तिने विचारलं, "हा तुमचा कोणी?"

मी म्हटलं, "हो. माझा दीर."

तुझी
विद्या